मंदावैनीचा धुण्याचा सोस

माझ्या वैनीबद्दल कुणी चांगलं बोललं की माझं डोकं फिरतं. नारपोलीतल्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा, मंदाताई कशी हाय? सगळे एका सुरात सांगतील, "एकदम साफसूफ बाई. घर बघून या तिचं." बघा ना घर, मी कुठं न्हाय बोलते? लादीवर भात वाढून खावा असं घर हाय. बाजूला रात्रंदिवस कापड विणायचे लूम खडखडतात, कापसाची धूळ उडते, आम्हा सगळ्यांच्या खिडक्यांवर तिचा थर बसतो आणि वैनीची खिडकी मात्र चकाचक. पण त्या घरात माणसाला बसवत न्हाय, हे कुणी सांगत न्हाय. ते मी सांगते.

मी रंगू. मंदा म्हंजे माझ्या मोठ्या भावाची, पंढरीनाथदादाची बायको. नवऱ्याला सोडून मी परत आले तेव्हा दादानं मला बाजूची खोली बघून दिली. तेव्हापासून वैनीच्या भिंतीला भिंत लावून राहते. राहनाळच्या गोदामात पॅकिंगला जाते, स्वतःचं कमावते, स्वतःचं खाते. तरी वैनीच्या लेखी नणंद म्हंजे गळकी बादली, टाकता येत न्हाय आणि कामाची पण न्हाय. मला ती काय वाटते ते तुम्हाला कळेलच.

आता खरं ते पण सांगते, न्हायतर बोलाल रंगू नुसती जळते. वैनी लग्न होऊन आली तेव्हा चाळीत आमचं एकच बौद्धांचं घर होतं. नळावर बायका आपले हंडे सरकवून घ्यायच्या. तोंडानं काय बोलायच्या न्हाय, नुसते हंडे सरकवायच्या. आमची आई मान खाली घालून पाणी भरायची. वैनीनं मान खाली घातली न्हाय. तिनं आपला हंडा असा घासला, असा घासला की त्यात तोंड दिसावं, आणि नेऊन बरोबर मधोमध ठेवला. वर्षभरात त्याच बायका तिला विचारायला यायला लागल्या, मंदा, हे डाग गं कशानं काढतेस? मला तेव्हा तिचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू. पण कुठं थांबायचं ते तिला कधी कळलंच न्हाय.

त्यात तिला नोकरी लागली बाळंतपणाच्या एका खाजगी दवाखान्यात, आयाची. तो दवाखाना बंद पडून आता बरीच वर्षं झाली. तिथं बाई कळा देत आली की आयानं तिची तयारी करायची. केस काढायचे, एनिमा द्यायचा, आणि पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ना, त्या औषधानं खालून धुवून काढायचं. जुनी पद्धत. डॉक्टर सांगायचे, वैनी करायची. तेवढ्यापुरतं ठीक. पण वैनीनं स्वतःचं डोकं चालवलं. जे बाळंतपणाच्या टायमाला एकदा केलं तर चांगलं, ते नऊ महिने रोज केलं तर किती चांगलं! बाकीच्या आया दवाखान्यातून घरी कापूस आणायच्या, हिनं ही अक्कल आणली.

आणि ती अक्कल पडली कुणाच्या गळ्यात, तर सोनलच्या.

सोनल म्हंजे वैनीची सून, माझ्या भाच्याची, सुगतची बायको. कोन गावची पोरगी. येताना शिलाई मशीन घेऊन आली आणि आल्या महिन्यातच चाळीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायला लागली. बडबडी. हसायला लागली की भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं आणि माझं मला हसू यायचं. त्या घरात एवढ्या मोठ्यानं कुणी हसतं, याचंच मला नवल वाटायचं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत सोनलला दिवस गेले. कळलं त्याच दिवशी वैनीनं मोरीत वेगळी बादली मांडली. पांढऱ्या पाण्याची. वर दवाखान्यातून आणलेली रबरी पिचकारी. "वरवर धुवून काय होतं? आतून साफ पाहिजे. पोर तिथूनच येणार हाय." सोनल लाजून मेली, पण सासू दवाखान्यातली, तिला नको कोण बोलणार? रोज सकाळी आंघोळीच्या आधी ते. थोड्या दिवसांनी तिला जळजळ व्हायला लागली, खाज सुटली, अंगावरून पांढरं जायला लागलं, वास मारायला लागलं. मला येऊन सांगितलं तिनं, रडत. मी गेले वैनीकडं. बोलले, "अगं, पोरीला आग होते, कशाला छळतेस?"

वैनी भांडी पुसत होती. माझ्याकडं बघितलं पण न्हाय. "तुला किती पोरं झाली गं रंगू?"

मला पोर न्हाय. त्यावरूनच नवऱ्यानं मला काय काय ऐकवलं होतं ते वैनीला माहीत होतं. ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार न्हाय.

पांढरं जातं म्हंजे घाण निघते, असं वैनीचं गणित. मंग एकदाच्या जागी दोनदा धुणं. वर दवाखान्यातल्या आठवणीनं मेडिकलमधून कॅप्सूल. लाल-काळी कॅप्सूल जंतूला, पिवळी गोळी जळजळीला, रंगावरून औषधं ओळखायची ही बाई. कोर्स संपला की पुन्हा पांढरं जायचं, पुन्हा कॅप्सूल. सोनलचं हसणं भिंतीपलीकडून यायचं बंद झालं.

सातव्या महिन्यात तिचं पाणी गेलं. मशीनवर बसलेली असतानाच. रिक्षात घातलं, नेलं, मुलगी झाली. एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवली तिला. तीन दिवस होती.

भेटायला बायका आल्या. सोनल भिंतीला टेकून बसली होती, छाती बांधलेली, दूध येत होतं म्हणून. आणि त्या सगळ्या बायकांसमोर वैनी बोलली, "मी काय कमी केलं? हिच्या अंगातच घाण. किती धुतलं तरी निघंना. पोर कसं टिकणार तिथं?"

सोनलनं वर बघितलं न्हाय. सुगत दारात उभा होता, तो चप्पल घालून खाली गेला. माझा दादा, माझा सख्खा भाऊ, त्यानं नुसतं "असू दे आता मंदा" एवढं बोलून घेतलं. पुरुषाची जात! मी उठले आणि बोलले, "वैनी, तोंड आवर." तर ती मलाच, "तू गप. तुला काय कळतं?"

यानंतर दोन वर्षांनी सोनलला पुन्हा दिवस गेले. ते मला तिनं सांगितलं न्हाय, मला मोरीतल्या वासावरून कळलं. माझी आणि त्यांची मोरी एका भिंतीला. सकाळी सकाळी ते औषध नाकात शिरलं आणि मी हातातला तांब्या खाली ठेवला. पुन्हा? पुन्हा तेच करणार ही बया?

मी त्या दिवशी ड्युटीवर गेले न्हाय. वैनी बाजारात गेल्याचं बघून सोनलला बोलले, चल. कुठं? चल नुसती. आणि तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले.

तिथली डॉक्टरबाई तरुण होती आणि वैतागलेली होती. बाहेर बायकांची ही गर्दी, पंखा बंद, चहा थंड झालेला. तपासलं, आणि पहिल्याच झटक्याला आवाज चढवला, "खाली काय लावता?"

सोनल कपडे नीट करत बसली.

"ताई, मी विचारतेय. आग होते ना? लाल झालंय सगळं. काय लावता?"

सोनल माझ्याकडं बघायला लागली. मी बोलले, "औषधानं धुते. रोज. आतून." आणि औषधाचं नाव सांगितलं.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं असं करायला?"

"सासूनं. ती आया होती दवाखान्यात."

मंग ती डॉक्टर बोलायला लागली ती थांबेना. मी मुद्दाम नीट ऐकलं, कारण घरी जाऊन मला भांडायचं होतं. ती बोलली की बाईच्या अंगात तिथं जंतू असतातच, आणि ते चांगले असतात. दह्यात असतात ना, त्याच जातीतले. ते तिथलं आंबटपण राखतात, आणि त्या आंबटपणामुळं वाईट जंतूंना बसायला जागा मिळत न्हाय. औषधानं धुतलं की आधी मरतात ते हे राखणारे. मंग वाईटांना रान मोकळं. मंग पांढरं जातं, वास येतो, आणि बाईला वाटतं घाण झाली, म्हणून ती आणखी धुते. असं करता करता सूज वर पिशवीपर्यंत जाऊ शकते, पाणी लवकर जाऊ शकतं, दिवस भरायच्या आत पोर येऊ शकतं. कॅप्सूलचं पण तेच. गरज असली तर घ्यायचीच, पण उगाच खाल्ली की पोटातले चांगले पण साफ.

"आणि हे जंतू फक्त तुमचे नसतात," सोनलच्या पोटावर हात ठेवून ती बोलली. "बाळ बाहेर येताना आईचे जंतू अंगावर घेऊन येतं. मग दुधातून घेतं. ते त्याच्या पोटात राहतात, दूध पचवायला मदत करतात, आजाराशी लढायला शिकवतात. आईनं बाळाला दिलेली पहिली शिदोरीच ती. तीच धुवून टाकणार का?"

मी बोलले, "आम्हाला जंतू म्हंजे मारायचे एवढंच माहीत."

"मग आता हे माहीत करून घ्या," ती बोलली. तिनं गोळ्या लिहून दिल्या, त्या संपवायला सांगितल्या, आणि साध्या पाण्याशिवाय काही लावायचं न्हाय असं दोनदा बजावलं. सोनल सगळ्याला हो हो करत होती.

घरी आल्यावर जे भांडण झालं ते चाळीनं ऐकलं. मी औषधाची बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली. पिचकारी गटारात फेकली. वैनी नुसती लालेलाल. "शेकडो बाळंतपणं केली या हातांनी! कालची पोरगी मला शिकवणार?"

"शेकडो केलीस ती दुसऱ्यांची. घरातलं एक पण न्हाय टिकलं तुझ्या हातात."

माझ्या तोंडातून गेलं ते गेलं. मला त्याचं अजून वाईट वाटत न्हाय.

दादानं टीव्हीचा आवाज वाढवला. सुगत हात जोडून, "आत्या, प्लीज, घरात शांतता ठेवा ना." शांतता! मी त्याला बोलले, "तू बस शांततेत. तुझ्या बायकोचं पोट हाय, तुझं थोडीच हाय."

त्यानंतर वैनीनं धुवायला सांगणं बंद केलं. पण तिनं दुसरं चालू केलं. सोनल जवळून गेली की वैनी नाक ओढून वास घ्यायची. बोलायची काय न्हाय, नुसती सूं करून ओढायची. सोनलनं पीठ मळायला घेतलं की, "राहू दे, मी करते." सोनल बसून उठली की वैनी त्या जागेवर फडकं फिरवायची. तोंडानं भांडणाऱ्या बाईशी भांडता येतं. या बाईशी काय करायचं? मी आपली रोज सोनलला विचारायची, ठीक हाय ना? ती बोलायची, ठीक हाय आत्या.

मला वाटलं, चला, सुटलो. कसलं सुटलो! एक दिवस मी डोकेदुखीची गोळी घ्यायला नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. तिथला मुलगा ओळखीचा, मला चाची बोलतो. हसत हसत बोलला, "चाची, आपके घर में सफाई बहोत होती है. भाभी तो हर हफ्ते बोतल ले जाती है."

"कौन भाभी?"

"अरे आपकी बहू. सोनल भाभी."

मी गोळी तिथंच ठेवली. तशीच घरी आले. सोनल मशीनवर होती, एकटी. पाचवा महिना सरत आलेला. मी दार लोटून घेतलं आणि बोलले, "बाटली कुठं हाय?"

तिनं पाय थांबवला. कापडाच्या गठ्ठ्याखालून काढून दिली. निम्मी संपलेली.

"कोण सांगतं तुला? वैनी?"

"न्हाय. मीच."

"डॉक्टर काय बोलली होती? ऐकलंस ना माझ्यासोबत?"

"ऐकलं आत्या. पण मला वास येतो." ती रडत पण न्हवती. "त्या डॉक्टरांनी मला पाच मिनिटं बघितलं. मम्मी मला रोज बघतात. त्यांना येतो वास. मला पण येतो. झोपले तरी येतो. मी धुतलं न्हाय आणि पुन्हा तसंच झालं तर? मंग मीच मारलं असं होईल ना. या पण पोराला."

मी तिच्या जवळ गेले, चांगला वास घेतला. कापसाचा, घामाचा, खोबरेल तेलाचा. माणसाचा असतो तसा. मी तिला सांगितलं, बाई गं, कसला पण वास न्हाय. ती माझ्याकडं बघून हसली, म्हाताऱ्या माणसाकडं बघून हसतात तसं. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसणार न्हाय हे मला तिथंच कळलं. डॉक्टरवर पण न्हाय. जी बाई घाण हाय बोलली होती, तिनंच घाण न्हाय असं बोलायला पाहिजे होतं.

म्हणून मी वैनीला गाठलं. दुपारी ती गच्चीवर चादरी वाळत घालत होती. मी बाटली तिच्यासमोर धरली. "ही सोनलची. तू सांगितलं न्हायस तरी ती करते. तुझ्या नाकासाठी करते."

वैनीनं बाटलीकडं बघितलं.

"तिला सांग," मी बोलले. "तुझ्या तोंडानं. तुझ्या अंगात घाण न्हाय, कधीच न्हवती, असं सांग."

"कधीच न्हवती असं कसं सांगू?"

"का? जीभ झडेल?"

"रंगू, अक्कल वापर जरा." तिचा आवाज असा मी कधी ऐकला न्हवता, एकदम खालचा. "तिच्यात न्हवती असं बोलले तर मंग ती पहिली पोर कशानं गेली? ते पण मलाच सांगावं लागेल ना. मंग माझ्याकडं राहिलं काय?"

"पोर राहील. हे दुसरं."

"तू बोलतेस सोपं. तुझं काय जातं?"

माझं डोकं सणकलं. पण मी भांडले न्हाय, चिमट्यांची टोपली तिच्यापुढं धरली, कारण मला तिच्याकडून काम करून घ्यायचं होतं. ती चादरीला चिमटे लावत राहिली. सगळे चिमटे लावून झाले तेव्हा बोलली, "त्या डॉक्टरकडं मला ने. मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

नेलं. वैनीनं इस्त्रीची साडी नेसली, केसांना तेल, पायात नवी चप्पल. जशी काय तपासायला तिलाच बोलावलं होतं. डॉक्टरसमोर ताठ बसली, स्वतः आया होते हे सांगितलं, कुठलं औषध, किती पाण्यात किती, दिवसातून किती वेळा, पिचकारी कशी, सगळं सांगितलं. काय लपवलं न्हाय. मंग विचारलं, "मॅडम, सातव्या महिन्यात माझी नात गेली. ती माझ्यामुळं गेली का?"

डॉक्टर थोडी नरम झाली. बोलली, "मावशी, ते मी आज सांगू शकत नाही. वेळेआधी बाळ यायला पुष्कळ कारणं असतात. हे त्यातलं एक असू शकतं. नसू पण शकतं. नक्की कुणीच सांगणार नाही."

"नसू पण शकतं," वैनीनं परत बोलून बघितलं.

"हो. पण आत्ता जे चाललंय ते थांबलंच पाहिजे. लगेच."

येताना अंजूर फाट्याला ट्रकांनी रस्ता अडवलेला. रिक्षा जागची हलेना. मी मनात बोलत होते, मिळाली आता हिला पळवाट. डॉक्टरनंच दिली. आता ही घरी जाऊन सांगेल, डॉक्टर बोलली माझं काय चुकलं न्हाय. मी तयारीत होते. एक शब्द असा काढू दे, चाळीसमोर धिंडवडे काढते हिचे.

वैनी बाहेरच्या ट्रककडं बघत बोलली, "असू शकतं बोलली ना ती?"

"हो."

"मंग झालं तर."

त्या रविवारी सगळे घरात होते. जेवणं झाली. वैनीनं टीव्ही स्वतः बंद केला, दादा काय बोलायला गेला तर त्याला हातानं गप्प केलं. "सोनल, इकडं ये. बस." मी दारात उभी होते. मला आत ये बोलली न्हाय आणि जा पण बोलली न्हाय.

"तुझ्या अंगात घाण न्हाय," वैनी बोलली. रागावल्यासारखीच बोलली, तिला दुसरं येतच न्हाय. "तेव्हा पण न्हवती. ते औषध मी घातलं. गोळ्या मी दिल्या. त्यानं आतलं बिघडलं, म्हणून वास येत होता. मला वाटायचं मला सगळं येतं. मला काय येत न्हवतं."

सोनल बघतच राहिली. सुगतनं मान खाली घातली.

"मंग सगळ्यांसमोर तुम्ही माझं नाव का घेतलंत मम्मी?"

"मंग कुणाचं घेऊ? माझं?" वैनीनं पदरानं तोंड पुसलं, पण ती थांबली न्हाय. "आता घेते. बोलव कुणाला बोलवायचं त्यांना. पण ते धुणं बंद कर. तुला कसला वास येत न्हाय. मी सांगते. या घरात मला कळलं न्हाय तर कुणाला कळेल?"

सोनल उठली, आत गेली, कापडाखालून दुसरी नवी बाटली आणली आणि वैनीच्या पुढ्यात ठेवली. मशीनवर जाऊन बसली आणि सुईत दोरा घालायला लागली. तो जाईना, तिनं टोक परत ओलं केलं. पण त्या दिवसानंतर ती मेडिकलची पायरी चढली न्हाय. मी त्या पोराला सक्त ताकीदच देऊन ठेवली होती.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. डॉक्टरनं पुन्हा दिलेल्या गोळ्यांनी तिचं पांढरं जाणं थांबलं. सहावा गेला. सातवा लागला तसा माझा जीव नुसता टांगणीला. गोदामात बॉक्सला पट्टी मारताना फोन वाजला की पट्टी तिथंच टाकून उचलायची. भिंतीपलीकडं काय पडलं, काय आपटलं की मी दारात. आठवा लागला. वैनी घरातलं सगळं करायची, सोनलला उठून पाणी घेऊ द्यायची न्हाय, नाकानं आवाज करायची न्हाय. सोनल तिच्या हातचं खायची, विचारलं तेवढं बोलायची. मला वाटलं, दोघींचं मिटलं. वैनीला पण तसंच वाटत असणार. तिनं जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून घेतली, ती नुसत्या गरम पाण्यातून काढली, औषध न्हाय, काय न्हाय. मला मुद्दाम दाखवली. मी बोलले, बरी हायत.

नववा भरला. कळा आल्या, त्याच सरकारी दवाखान्यात नेलं, आणि दुपारी सोनल सुखरूप मोकळी झाली. मुलगी. चांगली गुटगुटीत, रडली तर सगळा वॉर्ड उठला. नर्सनं पुसून सोनलच्या छातीवर ठेवली आणि सांगितलं, आज आंघोळ न्हाय, काय चोळायचं न्हाय, अंगावर जे आईकडून आलंय ते असू दे. मला काय सुचेना, मी रडायला लागले. सोनल हसली. मोठ्यानं. तिला तसं हसताना मी तीन वर्षांनी ऐकलं.

तेवढ्यात वैनी डबा घेऊन आली. घाईघाईनं आली होती, धाप लागली होती. पोरीकडं बघितलं आणि तिचा चेहरा कधी न्हवे असा फुलला. डबा खाली ठेवला, पुढं वाकली, दोन्ही हात पसरले. "आण गं इकडं. बघू माझ्या बाईला."

सोनलनं पोरीला आणखी जवळ ओढलं.

"न्हाय देणार मम्मी," ती बोलली. हळू बोलली, रागानं पण न्हाय. "तुम्ही खरं बोललात म्हणून ही आली. ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाय. पण ती पहिली पण माझीच होती."

वैनीचे हात तसेच राहिले. बाजूच्या खाटेवरची बाई आमच्याकडं बघत होती. सुगत "सोनल" एवढंच बोलला आणि सोनलनं त्याच्याकडं बघितलं, तर तो मागं सरकला.

मी इतकी वर्षं याच घडीची वाट बघत होते. कुणीतरी मंदावैनीला असं तोंडावर "न्हाय" बोलावं, अशी. आता बोललं कुणी, आणि मला पाणी प्यावंसं वाटलं. वैनीच्या बाजूनं एक शब्द बोलावा असं क्षणभर आलं मनात. बोलले न्हाय. पोरगी बरोबर होती.

"बरं," वैनी बोलली. तिनं डबा उचलून खाटेजवळ सरकवला. "डाळ-भात हाय. गरम हाय तोवर खा." आणि वॉर्डाबाहेर गेली.

मी तिच्यामागं गेले न्हाय. डबा उघडला आणि सोनलला भरवायला बसले.